दोन ते आठ

"एखादा कागद आहे का तुमच्याकडे?" सिस्टरांनी विचारलं.

दुकानदाराला वाटलं, बाईंना मापं लिहून घ्यायची असतील. त्याने लगबगीने पॅड आणि पेन पुढे केलं. सिस्टरांनी पेनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पॅडचं एक पान टरकन फाडलं, समोरच्या चकचकीत दोनदारी फ्रिजच्या फटीत धरलं, दार लावलं आणि कागद ओढला. कागद सुळकन बाहेर आला.

"गळतोय," सिस्टर म्हणाल्या.

"काहीतरीच काय ताई! नवा कोरा पीस आहे. आत पाण्याचा थेंब नाही, गळणार काय?"

"पाणी नाही हो, थंडावा. तुमच्या दाराचं रबर नीट बसत नाही. पुढचा दाखवा."

हा सहावा फ्रिज होता. दुकानदाराने मदतीच्या आशेने सिस्टरांच्या नवऱ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेब पाठीमागे हात बांधून पंख्यांच्या रांगेपाशी उभे होते. बायको तपासणीला निघाली की आपण मध्ये पडायचं नाही, हे ते लग्नानंतर सहा महिन्यांतच शिकले होते, आणि त्याला आता तीस वर्षं उलटून गेली होती.

"तुम्हाला फ्रिज कशासाठी हवाय, ते सांगा ना आधी," दुकानदार काकुळतीला आला.

"गाडीत ठेवायला. औषधासाठी. दोन ते आठ."

"दोन ते आठच ना? मग काय चिंता! रात्री बंद ठेवलात तरी चालेल."

"डिग्री!" सिस्टर कडाडल्या. "दोन ते आठ डिग्री! चोवीस तास!"

सिस्टर म्हणजे साध्यासुध्या सिस्टर नव्हेत. आरोग्य केंद्रातली लसींची थंड खोली त्यांनी चौतीस वर्षं सांभाळली होती. लस दोन डिग्रीच्या खाली गेली तर गोठते, आठच्या वर गेली तर मरते. म्हणून रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला थर्मामीटर बघायचा, आकडा तक्त्यात लिहायचा, आकडा चुकला असेल तर शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. पाहुणे असोत, ताप असो, घरात लग्न असो, चौतीस वर्षांत यात खंड पडला तो एकदाच. केंद्रातले लोक त्यांना पाठीमागे 'दोन ते आठ' म्हणत. एकदा मोठ्या डॉक्टरांनी आपला जेवणाचा डबा लसीच्या फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा सिस्टरांनी तो बाहेर काढून भर बैठकीत त्यांच्या हातात दिला होता. तो एक खंड पडला तेव्हा लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये वीज गेली आणि सगळ्या लसी तापल्या. वरिष्ठांनी सुचवलं, "सहा लिहा, कोण बघतंय?" सिस्टरांनी सतरा लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'वीज गेली, मी तपासायला आले नाही' असं लिहिलं आणि सहाशे डोस नष्ट करायला दिले. ठपका आला तो मुकाट्याने सही करून घेतला.

अशी बाई निवृत्त झाली तरी काय, तिचा थर्मामीटर थोडाच निवृत्त होतो?

या वेळी थंड ठेवायचं औषध मात्र सरकारी नव्हतं, घरचंच होतं. ड्रायव्हरसाहेबांनी एकतीस वर्षं शहरातली बस चालवली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांची बोटं सुजायला लागली. आधी मुठी वळेनात, मग चमचा धरवेना, आणि बसच्या चाकावर तर हातच ठरेना. ते वर्ष सिस्टरांना आठवलं तरी नकोसं व्हायचं. रोज सकाळी त्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायच्या आणि तो माणूस, ज्याने आयुष्यभर दर फेरीला साठ-सत्तर लोकांना सुखरूप घरी पोचवलं, तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. दोघंही त्या वेळी हवापाण्याच्या गप्पा मारत.

मग आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं आणि तीन महिन्यांत बोटं हलायला लागली. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, की औषध थंड राहिलं पाहिजे आणि आठवडा चुकता कामा नये. चुकलात तर परत पहिल्यापासून.

बोटं जागेवर आल्याबरोबर ड्रायव्हरसाहेबांनी एक जुनी बारा सीटची व्हॅन आणून दारात उभी केली. सीट काढल्या, पलंग बसवला, शेगडी बसवली, हात धुवायला इवलंसं बेसिन बसवलं. "एकतीस वर्षं मी एकाच रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या," ते म्हणाले. "आता मला न ठरलेल्या रस्त्याने जायचंय. तीन महिने. तू आणि मी."

सिस्टरांनी अट घातली. गाडीत फ्रिज बसवायचा, सात दिवस गाडी दारातच उभी ठेवून त्याची परीक्षा घ्यायची. चौदाच्या चौदा नोंदी दोन ते आठच्या आत आल्या तर निघायचं. नाही आल्या तर गाडी विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. ड्रायव्हरसाहेबांनी हसत हसत मान्य केलं. फ्रिज म्हटल्यावर तो थंड करणारच, यात परीक्षा कसली, असा त्यांचा भाबडा समज होता.

दुकानात आता गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची पाळी आली.

"हा घ्या. विजेची कटकटच नाही," दुकानदार म्हणाला. "फक्त गाडी सपाट जागी उभी पाहिजे. तिरकी राहिली की नीट थंड होत नाही."

इतका वेळ गप्प असलेले ड्रायव्हरसाहेब पहिल्यांदा बोलले. "सपाट जागा? मी तर अजून सपाट रस्ताच पाहिलेला नाही, भाऊ."

शेवटी कोपऱ्यात, वॉशिंग मशिनच्या मागे, पेटीसारखा दिसणारा एक फ्रिज सापडला. झाकण वरून उघडणारं. थेट बॅटरीवर चालणारा, मध्ये इन्व्हर्टरची भानगड नाही. सिस्टरांनी झाकणात कागद धरला, ओढला, कागद फाटला. त्यांचा चेहरा खुलला.

"हा बसक्या घाटाचा कशाला घेताय ताई? मच्छीवाले नेतात तो," दुकानदार हिरमुसून म्हणाला. "वस्तू काढायला वाकावं लागतं."

"उभ्या फ्रिजचं दार उघडलं, की सगळा गारवा पायावर सांडतो. याचा आतच बसून राहतो. वाकायचं काय, वाकू की! चौतीस वर्षं वाकतेच आहे."

विजेचं काम एका सोलारवाल्याकडे दिलं. तो डोक्याने पक्का, वयाने पन्नाशीचा आणि स्वभावाने आळशी होता. एक फेरी वाचत असेल तर अर्धा तास विचार करायची त्याची तयारी असे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने विचारलं, "गाडीत काय काय चालवणार?"

ड्रायव्हरसाहेबांनी खिशातून यादी काढली. पंखा, चार दिवे, रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इस्त्री.

"इस्त्री?" सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे... कुठे जायचं झालं तर."

"कुठे जायचं झालं तर म्हणजे? आपण जाणारच आहोत ना? आणि तिथे तुमच्या शर्टाची घडी कोण बघणार आहे?" सिस्टरांनी इस्त्रीवर काट मारली, मग मिक्सरवर, मग टीव्हीवर. सगळ्यात वर 'फ्रिज' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "आधी हा. उरलं तर बाकीचे."

सोलारवाल्याने आकडेमोड केली. टपावर दोन पॅनेल, पलंगाखाली एक मोठी बॅटरी, आणि गाडी चालू असताना इंजिनावरूनही ती भरेल अशी सोय.

"आणि ढग आले तर?"

"दोन दिवस ऊन नाही पडलं तरी फ्रिज चालेल."

"तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी दोन-तीन तास गाडी चालवा."

"आणि गाडीच बंद पडली तर?"

सोलारवाल्याने एकदा ड्रायव्हरसाहेबांकडे पाहिलं, एकदा सिस्टरांकडे. "मग ताई," तो हळूच म्हणाला, "उतरून धक्का मारा."

सिस्टर खळखळून हसल्या. हसल्या खऱ्या, पण कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी 'बर्फाचे पॅक – ४' असं लिहून ठेवलंच.

बॅटरी बसली, पॅनेल बसले. ड्रायव्हरसाहेबांनी आपल्याकडून एक भर घातली. भंगारातल्या बसमधून काढलेला लाल दांड्याचा मेन स्विच त्यांनी ड्रायव्हरच्या दारापाशी बसवून घेतला. तो खाली केला की पलंगाखालच्या बॅटरीवर चालणारं सगळंच्या सगळं बंद. "असावा," ते म्हणाले. "कधी आग लागली, धूर निघाला, तर एका हातात काम." सिस्टरांना हे फार पटलं. खबरदारीच्या कुठल्याही वस्तूला त्यांनी आजवर नकार दिलेला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी परीक्षा सुरू झाली. औषधाऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्यांच्या मधोमध थर्मामीटर ठेवला. ड्रायव्हरसाहेबांनी थंडगार सरबताची एक बाटली शेजारी ठेवायची परवानगी मागितली. औषधाच्या फ्रिजमध्ये खाण्यापिण्याची वस्तू हे ऐकूनच सिस्टरांच्या अंगावर काटा आला. पण घरातल्या शांततेसाठी त्यांनी डाव्या कोपऱ्यातली टीचभर जागा दिली. घरातल्या भिंतीवर चौकटी आखलेला तक्ता लागला.

शुक्रवारी सकाळी सातला ड्रायव्हरसाहेब पुढच्या दाराने आत शिरले आणि त्यांनी आतून बाजूचं दार उघडून दिलं. फ्रिज गुणगुणत होता. सिस्टरांनी झाकण उघडलं. चौदा.

"पहिला दिवस आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "रुळला नसेल."

संध्याकाळी चार डिग्री. शनिवारी सकाळी तेरा. संध्याकाळी पुन्हा चार. दिवसा भर उन्हात गाडी तापलेली असताना फ्रिज गार, आणि रात्रीच्या गारव्यात कोमट! सिस्टरांनी उभ्या जन्मात असा उलट्या काळजाचा फ्रिज पाहिला नव्हता. रविवारी सकाळी पुन्हा चौदा, तेव्हा ड्रायव्हरसाहेबांची बोलणी खाऊन दुकानदार स्वतः आला, तासभर कान लावून बसला. फ्रिज त्याच्यासमोर गुणी बाळासारखा वागला. सोमवारी सकाळी चौदा. दुपारी सोलारवाला आला; सकाळपासून ढग होते, पॅनेलला ऊन मिळालंच नव्हतं. त्याने मीटर लावला, बॅटरी तपासली आणि चक्रावला. "बॅटरी टुणटुणीत आहे. रात्रभर फ्रिज चालल्यावर जरा तरी उतरायला हवी ना? ही तर भरलेलीच!" तो आत वायरी चाचपत असतानाच एक जुना सहकारी ड्रायव्हरसाहेबांना न्यायला आला आणि ते कुणाच्या तरी निरोपसमारंभाला निघून गेले. सोलारवाल्याचं आटोपल्यावर, संध्याकाळी सातची नोंद करून, गाडीला कुलूप घातलं ते सिस्टरांनी.

मंगळवारी सकाळी चार डिग्री.

ड्रायव्हरसाहेबांनी आनंदाने टाळी वाजवली. "सोलारवाल्याचा हातगुण बघ!"

हातगुण एकच दिवस टिकला. बुधवारी सकाळी चौदा.

त्या दुपारी सिस्टर तक्ता घेऊन टेबलाशी बसल्या. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, यावर त्यांनी नोकरी काढली होती. पाच सकाळी वाईट, एकच चांगली. सोमवारी संध्याकाळी वेगळं काय घडलं? त्यांनी एकेक गोष्ट आठवून पाहिली आणि त्यांची पेन्सिल थांबली. सोमवारी गाडीतून शेवटी उतरलेला माणूस वेगळा होता.

संध्याकाळी सातची नोंद झाल्यावर त्या घरात आल्या आणि दिवा न लावता खिडकीशी उभ्या राहिल्या. ड्रायव्हरसाहेब गाडीतच रेडिओ ऐकत बसले होते. बातम्या संपल्या तसे ते उठले. पुढच्या दाराशी आले. उजवा हात दांडीवर. पाय पायरीवर. आरशात एक नजर. आणि डावा हात, त्याचा धनी पार दुसरीकडे बघत असताना, सहज मागे गेला आणि लाल दांडा खाली करून परत आला. मग दार लागलं, गाडीच्या नाकावर दोन थापा पडल्या आणि साहेब शीळ घालत घराकडे आले.

एकतीस वर्षं रोज शेवटच्या फेरीनंतर हाच हात हेच करत आला होता. सकाळी चढताना तोच हात दांडा वर करत असणार. म्हणून तर सिस्टर आत येईपर्यंत फ्रिज गुणगुणत असायचा.

सिस्टरांना हसू फुटलं. पदर तोंडावर दाबून त्या एकट्याच हसल्या. केवढा साधा घोळ, आणि दोन तज्ज्ञांनी आपापली डोकी खाजवली! पण हसता हसता त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट आली. त्या हाताची बोटं किती झरझर चालली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना बटण लागत नव्हतं.

"काय गं, अंधारात काय करतेस?" ड्रायव्हरसाहेबांनी आत येत विचारलं.

आता सांगायचं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "दिवा लावतच होते."

आपण हे का केलं, ते त्यांना लगेच कळलं. त्यांना जायचंच नव्हतं. फ्रिजची भीती नव्हती, रस्त्याची होती. कुठल्यातरी अनोळखी गावाबाहेर औषध फुकट गेलं, आठवडा चुकला आणि ती बोटं पुन्हा आखडली, तर तिथे ना ओळखीचा डॉक्टर ना ओळखीचं औषधांचं दुकान. ते एक वर्ष पुन्हा जगायची ताकद आपल्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि इथे तर काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. फ्रिज आपणहून नापास होणार होता.

गुरुवारी सकाळी तेरा. सिस्टरांनी तेरा लिहिलं. शुक्रवारी चौदा. चौदा लिहिलं. परीक्षेचा आठवडा उलटून गेला होता. ड्रायव्हरसाहेबांनी तक्त्यावरून एकदा बोट फिरवलं.

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "तो कॅटरिंगवाला विचारत होता गाडीबद्दल. सामान न्यायला हवीय त्याला. त्याला रविवारी बोलावतो." मग उगाचच हसले. "तसा पलंग जरा आखूडच झाला होता गं. पाय बाहेर आले असते माझे."

भांडले असते, चिडले असते, फ्रिजला शिव्या दिल्या असत्या, तर सिस्टरांना सोपं गेलं असतं. पण ते दिवसभर बेसिनचा नळ पुसत राहिले. विकायची वस्तू स्वच्छ असावी म्हणे.

शनिवारी सकाळी सिस्टर तक्ता भिंतीवरून काढायला गेल्या. चुकलेल्या आकड्यांसमोर कारणाचा रकाना होता. चौतीस वर्षांत तो रकाना त्यांनी कधी कोरा सोडला नव्हता. कारण माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायची पद्धत होती. आता तेही लिहिता येत नव्हतं. त्या पेन घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःचीच अशी काही लाज वाटली की कान तापले. वरिष्ठांच्या तोंडावर नाही म्हणणारी बाई आपण, आणि घरच्या माणसाला फसवतोय!

"अहो!" तक्ता हातात घेऊन दारात येत त्यांनी हाक मारली. "जरा गाडीतून खाली उतरा."

ड्रायव्हरसाहेब खाली उतरले.

"तसं नाही. आत जाऊन बसा, मग उतरा. रोज उतरता तसे."

ते पुन्हा चढले, पुन्हा उतरले, आणि दोन्ही हात छातीवर धरून उभे राहिले. बघतंय कुणी म्हटलं की साधं चालणंही माणसाला जमत नाही.

"परत," सिस्टर म्हणाल्या. आणि ते पायरीवर आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "दुपारी भाजी कुठली करू?"

"कालची आहे ना उरलेली? नाहीतर अंडी..." ड्रायव्हरसाहेब विचारात पडले. डावा हात मागे गेला. दांडा खाली आला. खट्. आतला गुणगुणाट थांबला.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हाताकडे बघा."

त्यांनी हाताकडे पाहिलं. हात अजून दांड्यावरच होता. त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. फ्रिजकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग ते पायरीवर मटकन बसले आणि पोट धरधरून इतके हसले की समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या.

"मी! रोज रात्री मीच!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी केवढा झापला! सस्पेंड कर गं मला, सिस्टर. पण तू आहेस खरी. तुला कधी कळलं हे?"

सिस्टरांना 'आत्ताच' म्हणता आलं असतं.

"बुधवारी."

"आज शनिवार," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. त्यांचं हसू हळूहळू विझलं.

"हो."

"आणि मी गाडी विकायला काढली तरी बोलली नाहीस?"

"नाही बोलले." सिस्टर पायरीवर त्यांच्या बाजूला बसल्या. "भीती वाटते हो मला. फार वाटते. तुमची बोटं पुन्हा तशी झालेली मला बघवणार नाही. इथे निदान सगळं हाताशी आहे. वाटलं, फ्रिजनेच नाही म्हणू दे. मला म्हणायला नको."

ड्रायव्हरसाहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. त्यांनी मूठ वळली, उघडली.

"मग नको जाऊया," ते म्हणाले.

"का?"

"तुला तिथे तीन महिने भीतच काढायचे असतील तर मी एकटा मजा करून काय करू?"

यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. सिस्टरांनी तो शोधून पाहिला. माणूस खरंच बोलत होता. ज्यासाठी वर्षभर खपला, ते त्याने एका वाक्यात सोडून दिलं होतं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ रागही आला. एवढा चांगुलपणा समोरून आला की भीतीला बसायला जागा उरत नाही.

"काही नको सोडून द्यायला!" त्या उठल्या. "सोलारवाल्याला फोन लावा. फ्रिजची वायर स्विचच्या आधी काढून थेट बॅटरीवर घ्यायची. मध्ये फ्यूज टाकायचा. हा दांडा तुम्ही खुशाल वरखाली करा, फ्रिजला पत्ता लागता कामा नये. आणि आजपासून पुन्हा सात दिवस."

"पुन्हा सात?"

"मग? आधीचे धरायचे?"

सोलारवाला आला. घोळ ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि स्विच काढून टाकू का, असं विचारलं. सिस्टर नको म्हणाल्या. हाताला रोज काहीतरी लागतंच, तो मग दुसरीकडे जाईल. काढला होता तो तक्ता पुन्हा भिंतीवर लागला आणि सातही चुकलेल्या आकड्यांसमोर त्यांनी कारण लिहिलं. पहिल्या पाचांसमोर 'चालकाची सवय'. शेवटच्या दोहोंसमोर 'मी सांगितलं नाही'. ड्रायव्हरसाहेबांनी वाचलं आणि खाली सही ठोकून दिली.

रविवारी कॅटरिंगवाला आला, गाडीभोवती फेरी मारून खूश झाला आणि पलंग काढून तिथे पातेली कशी बसतील ते हातांनी दाखवायला लागला. सिस्टरांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, की गाडी विकायची नाही.

"काय झालं?"

"आमचा फ्रिज पास होतोय," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

झाला. चौदाच्या चौदा नोंदी चार आणि पाच. पुढच्या आठवड्यात औषधाचा तीन महिन्यांचा साठा बाटल्यांच्या जागी आला, सरबताची बाटली आपल्या टीचभर जागेत राहिली आणि एका सोमवारी सकाळी दोघं निघाले. समोरच्या बाईंना घराची किल्ली दिली. ड्रायव्हरसाहेबांनी धुतलेला शर्ट घातला होता, इस्त्रीचा.

ते चाकामागे बसले. सिस्टर मागे, फ्रिजच्या शेजारी, पलंगाच्या कडेवर बसल्या. मांडीवर तक्ता. पहिला खड्डा आला की झाकण उघडून बघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गाडी सुरू झाली. पण हलली नाही. इंजिन नुसतं चालू राहिलं.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं. "विसरलंय का काही?"

ड्रायव्हरसाहेब आरशातून मागे बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना असंच आरशात बघितलं होतं, सगळी पाठीमागे बसलेली.

"पुढे ये ना," ते म्हणाले.

"इथे बरी आहे. लक्ष राहतं."

"फ्रिजला सोबत लागत नाही गं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "मला लागते."

सिस्टरांनी तक्ता पलंगावर पालथा ठेवला, साडी सावरली आणि टपाला डोकं लागू नये म्हणून वाकत वाकत पुढे गेल्या. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी पट्टा ओढला. तो कुठे अडकवायचा ते त्यांना कळेना, तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी हात पुढे केला आणि आपल्या बोटांनी तो नीट लावून दिला.